चेमेवेवी लोक शेतकरी होते की भटके? (मुलीच्या प्रोजेक्टवरच्या प्रश्नाला जरा लांब उत्तर)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक चौथीत आहे, लॉस एंजेलिसजवळ राहता, शाळेतून 'चेमेवेवी लोकांचं रोजचं आयुष्य' असा प्रोजेक्ट मिळालाय (चेमेवेवी म्हणजे तिथल्या वाळवंटातली, कोलोरॅडो नदीकाठची एक मूळ रहिवासी जमात), नेटवर एक साइट म्हणते नदीकाठचे शेतकरी, दुसरी म्हणते वाळवंटात फिरणारे शिकारी, तिसरीवर नुसते टोपल्यांचे फोटो, आणि एवढ्यात लेकीने खोक्यात टीपी तंबू उभा करायला घेतलाय. यातलं खरं काय आणि मॉडेल कशाचं करायचं, असं विचारलंय तुम्ही.

आधी तंबूचं सांगते, कारण तेवढं लगेच थांबवता येईल. टीपी हा अमेरिकेच्या मधल्या मैदानी भागात रानगव्यांच्या मागे फिरणाऱ्या लोकांचा, चेमेवेवींचा नाही. शाळेतल्या पुस्तकांमुळे सगळ्या मूळ रहिवाशांना तोच तंबू आणि तोच पिसांचा मोठा मुकुट चिकटलाय, लेकीची चूक नाही त्यात.

मी कोण ते पण सांगते, म्हणजे किती विश्वास ठेवायचा ते तुम्हाला ठरवता येईल. मूळची साताऱ्याची, गेली २२ वर्षं दक्षिण कॅलिफोर्नियात म्युझियममधल्या जुन्या टोपल्या, चटया, दोऱ्या यांची निगा राखायचं काम करते, आणि हातातून गेलेल्या टोपल्यांमध्ये चेमेवेवी बायकांनी विणलेल्या बऱ्याच. मी त्यांच्यातली नाही. त्यामुळे जे सांगतेय ते टोपल्या हाताळून, त्या समाजातल्या लोकांकडून ऐकून आणि वाचून, एवढं लक्षात असू द्या.

आता मुद्दा. तुमचा प्रश्न 'शेतकरी की शिकारी' असा आहे, पण मला वाटतं खरा प्रश्न वेगळाय: कुठले चेमेवेवी, कुठल्या महिन्यातले, आणि कुठल्या काळातले? हे तीन ठरवलं की तिन्ही साइट्स बऱ्यापैकी बरोबर निघतात. ठरवलं नाही तर सगळ्याच चुकीच्या वाटतात.

नाव चे-मे-वे-वी असं म्हणायचं, स्पेलिंगमध्ये मधे एच आणि यू दिसतात म्हणून लोक अडखळतात. ते स्वतःला नूवू म्हणतात, म्हणजे लोक, माणसं. सदर्न पायूट नावाचा जो मोठा समाज आहे त्याची ही सगळ्यात दक्षिणेकडची शाखा, आणि भाषा यूट लोकांच्या भाषेची सख्खी बहीण. कोलोरॅडो नदीवरचे त्यांचे शेजारी म्हणजे मोहावे लोक, त्यांची भाषा मात्र पूर्ण वेगळ्या कुळातली. शेजारी राहून शेती, मातीची भांडी, घराचा प्रकार असं बरंच एकमेकांकडून घेतलं, पण भाषा आणि टोपल्या नूवूंच्या आपल्या राहिल्या.

त्यांचा मुलूख म्हणजे मोहावे वाळवंटाचा पूर्वेकडचा मोठा भाग, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क, ओल्ड वुमन, टर्टल असे डोंगर, आणि पूर्वेला कोलोरॅडो नदी. तुम्ही वेगासला गाडीने गेला असाल तर तो उजाड दिसणारा रस्ता आठवा. उजाड आपल्याला दिसतो. त्यात कुठल्या डोंगराच्या कुशीत झरा आहे, तो उन्हाळ्यात टिकतो का, एका झऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत चालत किती वेळ, ही माहिती असलेल्या माणसाला तो मुलूख भरलेला होता. लोक एका झऱ्यावर दोन-चार कुटुंबं असे छोट्या गटात राहायचे, कारण झरा तेवढ्यांनाच पुरायचा. पाणी किती यावर माणसं किती हे ठरायचं, आणि बाकी सगळं, घर हलकं का, भांडी विणलेली का, गाणी लांब का, ते त्याच्या मागून येतं.

वर्षाचं चक्र असं डोळ्यासमोर आणा. वसंतात डोंगरात घायपात तयार होतं (हो, आपल्याकडे बांधावर लावतात त्याच कुळातलं), त्याची पानं छाटून मधला गड्डा दगडांनी तापवलेल्या खड्ड्यात पुरायचा आणि दीड-दोन दिवस तसाच भाजू द्यायचा, वर काढला की गोड आणि चिवट, चोथा चघळून टाकायचा, उरलेलं कुटून, थापून वाळवून ठेवायचं. मग वाळवंटातल्या चियासारख्या बिया झोडपून गोळा करायच्या. उन्हाळ्यात मेस्किटच्या शेंगा. मेस्किट ही आपल्या वेड्या बाभळीची भावकी, तिच्या शेंगांना गोडवा असतो, त्या उखळात कुटून पीठ, पिठावर पाणी शिंपडून घट्ट वड्या, आणि त्या महिनोन्‌महिने टिकतात. पावसाळ्याआधी सांडगे-पापड घालून ठेवणारं घर ज्याने पाहिलंय त्याला यातली घाई कळेल, शेंग झाडाखाली पडली की किडे आणि प्राणी तुमची वाट बघत नाहीत. शरदात उंच डोंगरावर पिन्यॉन, म्हणजे चिलगोज्यासारख्या बिया.

याच वर्षात नदीकाठची माणसं वेगळं काही करत होती. कोलोरॅडोला रॉकी पर्वतातलं बर्फ वितळून उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर यायचा. पूर ओसरला की मागे ओला गाळ, आणि त्या गाळात काठीने भोक पाडून मका, शेंगा, भोपळे पेरायचे. नांगर नाही, आणि पाटाचं पाणी लागायचं नाही कारण ओल गाळातच. पुढे युरोपियनांकडून आलेला गहू आणि कलिंगडं पण त्यात आली. म्हणजे नदीकाठचं कुटुंब जुलैत शेतकरी, त्याच कुटुंबातली काही माणसं ऑक्टोबरात पिन्यॉनच्या डोंगरावर, आणि वर्षभर झऱ्यावर राहणारे त्यांचेच चुलते फारतर झऱ्याखाली लहानसा तुकडा पेरणारे. एकच समाज, तुम्ही कुणाला कधी भेटता त्यावर उत्तर.

शिकारीत सगळ्यात मान रानमेंढ्याचा आणि हरणाचा. धनुष्य आखूड, पाठीला प्राण्याच्या स्नायूचे धागे चिकटवून जोर आणलेलं, मोहाव्यांचं लांब साधं धनुष्य असायचं त्यापेक्षा वेगळं. पण रोजचं मांस म्हणाल तर ससे, कासव, चकवाला नावाचा जाडजूड सरडा. चकवाला घाबरला की खडकाच्या फटीत शिरून अंग फुगवतो, मग ओढून निघत नाही, त्याला आत काठीने टोचून हवा काढावी लागते. १७७६ साली फ्रान्सिस्को गार्सेस नावाचा स्पॅनिश पाद्री या भागातून गेला, त्याने लिहून ठेवलंय की या लोकांकडे हत्यारांशिवाय एक आकडी असते, बिळातले प्राणी ओढायला. मला ही नोंद फार आवडते, कारण लेकीच्या प्रोजेक्टसाठी ढाल-बाणापेक्षा ही आकडी रोजच्या आयुष्याबद्दल जास्त सांगते. त्यानेच कपड्यांचंही लिहिलंय, कातड्याचे सदरे, पायात मोकॅसिन म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, डोक्याला पांढरी टोपीसारखी आणि त्यावर पिसांचा तुरा. सशाची कातडी पट्ट्यांमध्ये कापून, पीळ देऊन, त्यांची विणलेली पांघरुणं असायची, वाळवंटातली थंडीची रात्र अंगावर घेतलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते.

घर? फिरतीवर असताना फांद्या-झुडपांचा आडोसा, वाऱ्याकडे पाठ करून. उन्हाळ्यात मांडव, चार खांब आणि वर फांद्या, भिंती नाहीत, सगळं काम त्याच्या सावलीत. नदीकाठी थंडीसाठी मातीने लिंपलेली, पुढची बाजू उघडी असलेली घरं, मोहाव्यांसारखी. टीपीच्या जागी लेकीने मांडव करावा, आइस्क्रीमच्या काड्या आणि अंगणातल्या फांद्यांत होऊन जाईल.

आता टोपल्या, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण माझं आयुष्य यातच गेलंय.

तुम्ही नेटवर जे फोटो पाहिलेत, पांढरट टोपली, काळा काठ, त्यावर काळी नक्षी, कधी साप, कधी किडे, कधी पानं, त्या खऱ्याच चेमेवेवी टोपल्या आहेत आणि अप्रतिम आहेत. पण त्यातल्या बहुतेक साधारण १८९० ते १९३०च्या दरम्यान विकण्यासाठी विणलेल्या. संग्राहक पैसे द्यायचे, आणि बायकांनी त्या कलेला ज्या उंचीला नेलं ती थक्क करणारी आहे. मेरी स्नायडर या विणकर बाईंचं नाव यात मोठं, त्यांची सापाची नक्षी प्रसिद्ध. नक्षी घराण्याची असायची, दुसरीच्या नक्षीला कुणी हात लावत नसे. पण रोजच्या आयुष्यातली टोपली ही नव्हे. रोजची म्हणजे पाठीवर घ्यायची शंकूसारखी टोपली, बिया पाखडायचं पसरट ताट, डोक्यावरची विणलेली टोपी, पाइनचा डिंक फासून पाणी न गळणारा केलेला कुंभ. या वस्तू वापरून झिजल्या, फाटल्या, आणि म्युझियमपर्यंत फार कमी आल्या.

कमी येण्याचं अजून एक कारण आहे. माणूस गेलं की त्याच्या वस्तू जाळायच्या, आणि गेलेल्याचं नाव उच्चारायचं नाही. त्यामुळे 'आजीची टोपली' पिढ्यान्‌पिढ्या घरात ठेवायची पद्धतच नव्हती. आपल्याला वाटतं जुनं काही शिल्लक नाही म्हणजे संस्कृती साधी असेल. तसं नसतं. काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं याचा त्यांचा हिशोब वेगळा होता.

एक माझा अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका पसरट ताटावर आतून करपल्याचे काळे डाग होते, मी नोंदीत 'आगीने नुकसान' असं लिहिलं. नंतर त्या समाजातल्या एक वयस्क विणकर बाई संग्रह बघायला आल्या, त्यांनी ताट हातात घेतलं, वास घेतला, आणि हवेत उडवल्यासारखं हलवून दाखवलं. बिया आणि जळते निखारे एकत्र ताटात टाकायचे आणि सारखं उडवत राहायचं, बी भाजली जाते आणि ताट पेटत नाही, हात थांबला तर पेटतं. आपण सूप पाखडतो ना, तीच मनगटाची हालचाल, फक्त सुपात निखारे. ते डाग नुकसान नव्हते, एका बाईच्या कित्येक वर्षांच्या कामाची खूण होती. मी नोंद बदलली, आणि तेव्हापासून कुठलीही टोपली हातात आली की आधी विचारते ही कशासाठी झिजलीये.

विणायचं कसं ते पण लेकीला सांगा. वाळुंजीच्या जातीचं झाड, विलो, त्याच्या काड्या पानं गळल्यावर थंडीत काढायच्या. एक टोक दातात, दोन टोकं दोन हातांत, आणि काडी लांबीने तीन भागांत चिरायची. तीन बारीक काड्यांचा जुडगा गोल गोल फिरवत न्यायचा आणि चिरलेल्या पट्टीने तो खालच्या वेढ्याला शिवत जायचं. सोबत आरी लागते, आधी हाडाची, मग लोखंडाची. आपल्या बुरडाचं काम कामट्या खालीवर घालून होतं, हे त्यापेक्षा शिवणकामाच्या जवळचं. आणि काळा रंग हा रंग नाहीच, ते एका झाडाच्या वाळलेल्या शेंगेच्या नखांमधले धागे असतात. आपल्याकडे माळावर उगवणारं ते 'विंचू', दोन वाकड्या नांग्यांचं काळं फळ, लहानपणी त्याने एकमेकांना घाबरवायचो, त्याच कुळातलं हे झाड. नखं भिजवून त्याची साल पट्टीत काढायची. बायका हे झाड शेताजवळ मुद्दाम लावायच्या, जितकी लांब नखं तितकं बरं.

गाण्यांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तुम्ही विचारलंय की 'बॅकग्राउंडला त्यांचं म्युझिक लावू का'.

कृपया लावू नका. चेमेवेवींमध्ये गाणं ही वारशाने येणारी गोष्ट होती. रानमेंढ्याचं गाणं, हरणाचं गाणं, मिठाचं गाणं अशा मालिका, आणि एकेका मालिकेत एका प्रवासाचं वर्णन, कुठला झरा, कुठली खिंड, कुठला डोंगर, या क्रमाने. ज्याला वडिलांकडून रानमेंढ्याचं गाणं मिळालं त्याला त्या गाण्यातल्या डोंगरात शिकारीचा हक्क. सातबारा म्हणा हवं तर, पण गळ्यात असलेला. 'ते गाणं कसं जातं?' या प्रश्नाचा अर्थ चालीबद्दल नसून ते कुठून कुठे जातं असा व्हायचा. हे आपल्याला कळलं ते मुख्यतः जॉर्ज लेयर्ड या चेमेवेवी गृहस्थांमुळे, १८७१चा जन्म, त्यांनी जे सांगितलं ते त्यांची बायको कॅरोबेथ हिने लिहून घेतलं. दोघांची ओळख १९१९ साली नदीकाठच्या पार्कर गावात झाली, जॉर्ज १९४०मध्ये गेले, आणि तिचं लिखाण छापून आलं १९७६ला, तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती.

यातली मिठाची गाणी आजही जिवंत आहेत, आणि ती माणूस गेल्यावर रात्रभर गातात, गेलेल्याचा जीव त्या वाटेने पुढे जावा म्हणून. भोपळ्याचा खुळखुळा आणि आवाज, बस. रेकॉर्डिंग सापडलं तरी ते कुणाच्या तरी निरोपाचं गाणं आहे. दशक्रियेचे मंत्र शाळेच्या चार्टमागे वाजवाल का? म्हणून.

गोष्टी मात्र लेकीला जरूर सांगा, फक्त त्या थंडीतच सांगायच्या असा त्यांचा नियम, प्रोजेक्ट डिसेंबरात असेल तर उत्तमच. आधी सगळीकडे पाणी होतं, समुद्राच्या बाईने स्वतःच्या अंगावरची मळाची त्वचा चोळून काढली आणि तिची जमीन केली. (आपल्या गणपतीची गोष्ट आठवली असेल, मलाही पहिल्यांदा तीच आठवली, पण दोघांचा संबंध लावू नका, लोकांना अंगावरचा मळ सगळीकडेच सुचतो.) मग लांडगा शहाणा आणि त्याचा धाकटा भाऊ कायोटी (कोल्ह्यासारखा प्राणी) उतावळा, आणि पूवावी नावाची ऊ-बाई, जिने टोपली विणून त्यात अंडी घातली, तोंड बंद केलं, आणि टोपली कायोटीकडे दिली. उघडू नको सांगितलं तरी त्याने वाटेत उघडली, आणि त्यातून माणसांच्या वेगवेगळ्या जमाती बाहेर पडल्या. माणसाची सुरुवातच टोपलीतून. माझ्यासारखीला याहून जास्त काय हवं.

काळाबद्दल बोलायचं राहिलं. १८६०च्या दशकात मोहावे आणि चेमेवेवींमध्ये लढाया झाल्या, तेव्हा नदी सोडून बरीच कुटुंबं वाळवंटात निघून गेली, त्यातली काही ट्वेंटीनाइन पाम्सच्या झऱ्यावर जाऊन राहिली. म्हणजे १८६० साली शेती करणारं कुटुंब १८७०मध्ये पुन्हा झऱ्यावर. पुढे १९०७ साली नदीकाठी चेमेवेवी रिझर्वेशन, म्हणजे सरकारने त्यांच्यासाठी राखलेला मुलूख, झालं. काही लोक त्याच्या दक्षिणेला, कोलोरॅडो रिव्हर रिझर्वेशनवर मोहाव्यांसोबत, आजही आहेत.

आणि मग धरण. १९३४ ते १९३८मध्ये पार्कर धरण बांधलं, मागे लेक हवासू तयार झाला, आणि चेमेवेवी व्हॅलीतली सुपीक गाळाची जमीन, जिथे ती पुराची शेती व्हायची, रिझर्वेशनची साधारण ८,००० एकर, पाण्याखाली गेली. घरं, शेतं, विलोचे काठ, सगळं. लोक पांगले, आणि सरकारदरबारी टोळी म्हणून पुन्हा उभं राहायला १९७० साल उजाडलं. कोयनेचं शिवसागर ज्यांच्या गावावर आलं अशा घरातली मी, आमच्याकडे आजी धरणाकडे बोट करून 'तिथे आपलं घर' म्हणायची, त्यामुळे पहिल्यांदा त्या तळ्याच्या काठावर उभी राहिले तेव्हा मला फार वेळ बोलता आलं नाही. ते पाणी २४२ मैलांच्या कालव्यातून दक्षिण कॅलिफोर्नियाकडे येतं. तुमच्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्याचा वाटा असायची बरीच शक्यता आहे, आणि लेकीला चार्टवर नदीपासून आपल्या घरापर्यंत एक निळी रेघ ओढू द्या असं मी म्हणेन.

तर थोडक्यात परत: टीपी काढून मांडव. शेतकरी की शिकारी असा कॉलम करू नका, एक गोल काढा, त्यात वर्षाचे महिने, आतल्या बाजूला नदी, बाहेरच्या बाजूला डोंगर, आणि त्या त्या महिन्यात कुठे कोण काय करतंय. चार्टच्या कोपऱ्यात साल लिहा, कारण १७७६, १८५० आणि १९३०चं चित्र एक नाही. 'होते' सगळीकडे लिहू नका, ते आहेत, लेक हवासूच्या कॅलिफोर्नियाच्या बाजूला हवासू लँडिंगला, समोरच्या लेक हवासू सिटीतून (लंडनहून आणलेला जुना पूल जिथे उभा केलाय ते गाव) त्यांचीच फेरी बोट जाते. सुट्टीत जमलं तर जा.

टोपली करायचीच असेल तर जाड सुती दोरी आणि रॅफिया (ताडासारख्या झाडाच्या पानांचे धागे) आणा, मोठी बोथट सुई, आणि नक्षी लेकीने स्वतःची काढावी, फोटोतली उतरवू नये, ती कुणाच्या तरी घरची आहे. रस्त्याकडेच्या विलोच्या काड्या तोडून आणू नका, त्यावर बऱ्याचदा औषध फवारलेलं असतं. विणणाऱ्या बायका काडी दातात धरतात, त्यांना आज हीच मोठी काळजी आहे, शिवाय धरणांनी पूर थांबल्यापासून काठावर विलोच्या जागी झाऊ माजलाय. सुरुवातीचा मधला गोल बसायला वेळ लागतो, पहिले दोन-तीन उसवावे लागतील. तिथे अडली तर फोटो टाका, मी बघून सांगते.